जांभळ्या कापडावरचा चेहरा

चर्च उघडलं त्या पहिल्याच रविवारी आमच्या मरोळच्या पॅरिशमध्ये चमत्कार झाला. खरं तर चर्च उघडलं हाच आम्हाला चमत्कार वाटत होता, पण माणसाचं एवढ्यावर कुठे भागतं?

लॉकडाऊनचे सगळे महिने आम्ही मोबाइलवर मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, ऐकली होती. स्क्रीनवर फादर वॉरन यांचं कपाळ तेवढं दिसायचं आणि प्रवचन ऐन रंगात आलं की नेटवर्क जायचं. काही जण त्यालाही देवाची कृपा म्हणायचे. आता दिवाळीत सरकारने परवानगी दिली आणि आम्ही इस्त्रीचे कपडे घालून दारात रांगेत उभे राहिलो. कपाळावर ताप बघायची बंदूक, जमिनीवर पांढरी वर्तुळं, बाकांवर एकाआड एक फुल्या. दारातल्या संगमरवरी भांड्यात पूर्वी आशीर्वादित पाणी असायचं, त्यात बोटं बुडवून क्रूसाची खूण करत आत जायचं. त्या भांड्यात आता सॅनिटायझरची बाटली होती. सवय ती सवय. निम्म्या लोकांनी सॅनिटायझर कपाळाला लावून क्रूसाची खूण केली आणि डोळे चोळत आत गेले. शेजाऱ्याला नमस्कार करून शांतीची खूण करायची वेळ आली तेव्हा मास्कमुळे कोण कुठला ते कळेना. मी एका बाईला अदबीने नमस्कार केला, ती माझीच बायको निघाली.

आता चमत्काराकडे येतो. ईस्टरच्या आधी चर्चमधल्या सगळ्या मूर्ती जांभळ्या कापडाने झाकायच्या आणि ईस्टरच्या रात्री कापडं काढायची, अशी आमच्याकडे रीत आहे. त्या वर्षी आमच्या बायकांनी नवी सुती कापडं शिवली होती, आणि शिवलेलं मिरवायची घाई कोणाला नसते? त्यांनी हौसेने वेळेआधीच सगळे संत झाकून टाकले. दोन दिवसांनी चर्चला कुलूप लागलं. ईस्टर आला, येशू उठला, पण आमचे संत बिचारे दिवाळीपर्यंत शोकातच उभे राहिले.

त्या रविवारी मिस्सेच्या शेवटी फादर स्वतः एकेक कापड काढत निघाले. मदर मेरीचं काढलं, सेंट अँथनीचं काढलं. मग दाराजवळच्या सेंट जोसेफकडे आले. कापड ओढून त्यांनी घडी घालायला उजेडात धरलं आणि दाराजवळची माणसं माना पुढे काढून बघायला लागली. कापडावर चेहरा होता. जांभळ्यावर पांढुरकं कपाळ, लांब नाक, वर आलेली गालफडं, दाढी, आणि खाली जोडलेले हात. फिकट होता, पण होता.

दाराजवळच्या पहिल्या वर्तुळात माझी थोरली बहीण सेसिलिया उभी होती. तिने ते पाहिलं आणि ती वर्तुळ सोडून पुढे झाली. मागून कोणीतरी म्हणालं, "येशूचा चेहरा उमटलाय." आठ महिने जपलेलं दोन वर्तुळांमधलं अंतर पुढच्या मिनिटात नाहीसं झालं.

माझी एक अडचण आहे. मरोळच्या एमआयडीसीत मी हयातभर मालाची तपासणी केली. समोर वस्तू आली की ती आधी उलटीपालटी करून बघायची, मग कौतुक करायचं, असं हाताला वळणच पडलेलं. मी आपला पहिला प्रश्न विचारला, की कापडाखाली जोसेफ उभा असताना चेहरा येशूचा कसा? बायकोने माझ्या पायावर पाय दिला. देवाला कोणाच्या कापडावर यायचं ते तो ठरवेल, असं तिचं म्हणणं पडलं.

फादर वॉरन सावध माणूस. त्यांनी कापड कपाटात ठेवलं आणि बिशप हाऊसला पत्र लिहिलं. बिशप हाऊसला चमत्काराची घाई नसते, शंभर वर्षंही थांबतात. लोकांना मात्र दम नव्हता. चारकोपहून, विक्रोळीहून माणसं येऊ लागली आणि गेटवर उन्हात गुडघे टेकू लागली. इतके दिवस लोकांची वाट बघत रिकाम्या बाकांसमोर मिस्सा केलेल्या त्या माणसाला दारात आलेल्यांना हाकलवेना. शेवटी त्यांनी ते कापड चर्चबाहेरच्या हॉलमध्ये काचेच्या फ्रेममध्ये लावायची परवानगी दिली. हा चमत्कार आहे असं मी म्हणत नाही, हेही त्यांनी सांगितलं. ते वाक्य कोणी ऐकलं नाही.

फुलावर माशी यायला किती वेळ लागतो? पुढच्या बुधवारी ब्रदर बोनी आला. हा ना फादर, ना कुठल्या मठातला ब्रदर. लॉकडाऊनमध्ये घरी बसून त्याने प्रार्थनेने आजार बरे करायचं चॅनेल काढलं होतं आणि आता त्याला एक चेहरा हवा होता. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तशातली गत. तोंडावर दोन मास्क, त्यावर पारदर्शक शील्ड, हातात निळे मोजे, आणि दर थोड्या वेळाने तो खिशातली बाटली काढून माइकवर फवारा मारायचा. एवढा जामानिमा करून तो सांगायचा, की विश्वास असेल तर औषध लागत नाही.

त्याची बोलायची तऱ्हा ऐकण्यासारखी होती. "प्रभू डॉक्टरांचा डॉक्टर आहे, मग तू कोणाची फाइल धरून बसलीस, सिस्टर? एक हात प्रभूच्या हातात आणि दुसऱ्या हातात गोळ्यांची डबी? दोन्ही डगरींवर हात ठेवून स्वर्ग मिळत नाय." मग डोळे मिटायचे, थरथरायचं, आणि हॉलमधल्या कोणाची तरी गुडघेदुखी गेल्याचं जाहीर करायचं. हॉलभर साठीच्या बायका बसलेल्या असताना गुडघेदुखीचा नेम चुकणार कसा? पहिल्या आठवड्यात कापडाला कसलासा उग्र वास होता. तो स्वर्गातला सुगंध असल्याचं ब्रदरने सांगितलं. अर्ध्यांचं नाक कोविडने नेलेलं आणि उरलेल्यांचं मास्कमध्ये. कोणी हरकत घेतली नाही.

मी हे सगळं गंमत म्हणून बघत राहिलो असतो. पण सेसिलियाने इन्सुलिन बंद केलं.

तिला वीस वर्षांचा मधुमेह. पायाच्या अंगठ्याजवळ चप्पल लागून जखम झालेली, ती भरत नव्हती. ब्रदर बोनीने तिला सांगितलं, की सुई म्हणजे अविश्वास. तिने फ्रिजमधल्या बाटल्या शेजारणीच्या हातात दिल्या आणि कॅमेऱ्यासमोर साक्षही दिली, की मी आता सुईवाचून जगते. मी तिच्या घरी गेलो तेव्हा ती घरापुढच्या ओट्यावर पाय वर घेऊन बसली होती. अंगठा काळपट पडला होता आणि फडक्यातून वास येत होता. मी ओरडलो. माझा स्वभावच तसा, काळजी वाटली की आवाज चढतो.

ती मात्र शांत होती. म्हणाली, "पास्कू, तो येशू नाय रं. मना ठाऊक हाय तो कोण हाय. दुमिंग हाय तो. दाढी बघ ना, शेवटी वाढली होती तशीच."

दुमिंग म्हणजे माझे भावोजी, तिचा नवरा. पावसाच्या आधी त्यांना कोविड सेंटरला नेलं ते रुग्णवाहिकेच्या मागच्या काचेतून तिने पाहिलं, तेवढंच. पुढे फोन आला. पुरायला नेलं ते प्लास्टिकमध्ये बांधून, आणि ती घरातच कोंडलेली, कारण तिचाही रिपोर्ट आला होता. चेहरा बघितला नाही, माती टाकली नाही, ओट्यावर कोणी प्रार्थनेला बसलं नाही. आमच्याकडे मयतानंतर सगळं गावठण घरी येऊन रोझरीची प्रार्थना म्हणतं. तिच्या दारात कोणी फिरकलं नव्हतं, मीसुद्धा नाही. फिरकता येतच नव्हतं. आणि आता चर्चच्या हॉलमध्ये काचेत तिला नवरा दिसत होता. बुडत्याला काडीचा आधार. मी ओरडायचा थांबलो, कारण मला रडू येत होतं.

तिथून मी थेट डॉक्टर हेमांगी यांच्या दवाखान्यात गेलो. दवाखाना गावठणाच्या तोंडाशीच आहे. बाई कोकणातल्या, सडेतोड. सेसिलियाची शुगर गेली दहा वर्षं त्याच बघत होत्या. अंगठ्याचं वर्णन ऐकून त्यांचा चेहरा उतरला. उद्या नाही, आजच तिला इथे आणा, म्हणाल्या. मी सांगितलं, की ती येणार नाही. तिला ओढून आणलं तरी ती सुई घेणार नाही, ते कापड आहे तोवर नाही.

"मग कापडाकडे बघू. पेशंट आला की आम्ही आधी त्याची हिस्टरी घेतो. कापडाची सांगा. शिवल्यापासून त्याला काय काय झालं?"

मी सांगत गेलो. बायकांनी शिवलं, कापड थोडं कमी पडलं म्हणून जोसेफचं तोंडावर ताणून मागे टाके घातले. मग महिनोन्‌महिने तसंच. चर्च उघडायच्या दोन दिवस आधी आमच्या पोरांनी पाठीवर पंप बांधून सगळीकडे औषध मारलं. मी खिडक्या उघडायला गेलो होतो, डोळ्यांतून पाणी काढत बाहेर पळालो. पोरांनी औषध दुप्पट कडक केलं होतं, इतक्या दिवसांनी देव भेटणार तर कंजुषी कशाला म्हणून. सुरुवात दारापासून केली, टाकी भरलेली, त्यामुळे जोसेफ नखशिखांत भिजला.

"औषध कसलं?"

"ते जंतुनाशक हो, सोडियमचं काहीतरी. कपड्यांचं ब्लीच असतं ना, तेच म्हणे."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. पांढरा कोट बाजूला केला आणि आतला गडद निळा ड्रेस दाखवला. त्यावर पांढरे ठिपके होते. म्हणाल्या, "दवाखाना पुसता पुसता माझे चार ड्रेस गेले, काका. पण माझ्या ड्रेसवर कोणी संत आला नाही. जोसेफच्या कापडावर का आला, ते करूनच बघायला हवं."

शिवणातलं उरलेलं जांभळं कापड माझ्या बायकोकडे होतं. मूर्तीचं डोकं कुठून आणायचं? दवाखान्याच्या खाली दर्शनाचं ब्युटी पार्लर आहे. तिच्याकडे नव्या मुलींना केशरचना शिकवायला एक प्लास्टिकचं डोकं होतं, बाईचं, ओठ रंगवलेलं. केस उतरवून ते आम्ही गच्चीत ठेवलं, वर कापड ताणून बांधलं, हातमोजे घालून ब्लीचचं पाणी मारलं आणि वाळायला सोडलं. तिसऱ्या दिवशी कापड काढलं. रुंद कपाळ, सरळ नाक, गालांची उंची, आणि एका डोळ्याखाली ओघळाची बारीक रेघ. मी मालाची तपासणी केलेला माणूस, सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालेलं, तरी क्षणभर मला हात जोडावेसे वाटले. मग मला सेसिलियाचं नवल वाटेनासं झालं.

फादर वॉरननी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, की खोटं बोलायचं नाही आणि कोणाच्या श्रद्धेची टिंगल करायची नाही, एवढं पाळलंत तर हॉल तुमचा. टिंगल न करण्याचं वचन देताना मी जरा अडखळलो.

त्याच संध्याकाळी ब्रदर बोनीची प्रार्थना होती. हॉल भरलेला, मोबाइल तीन पायांच्या तिकाटण्यावर, थेट प्रक्षेपण सुरू. सेसिलिया पहिल्या रांगेत पाय लांब करून बसली होती. मी आमचं कापड घेऊन पुढे गेलो आणि एवढंच म्हणालो, "ब्रदर, हे आणखी एक आहे. हा चेहरा कोणाचा ते सांगा."

त्याने कापड हातात घेतलं, डोळे मिटले, थरथरला. त्याची शील्ड आतून धुरकट झाली. मग त्याने जाहीर केलं, की ही माता आहे, आजाऱ्यांसाठी रडणारी. गालावरचा अश्रू त्याने कॅमेऱ्याला जवळून दाखवला. पहिल्या कापडापेक्षा यात दुप्पट शक्ती आहे असंही सांगितलं आणि ते सेसिलियाच्या पायावर पांघरलं. तिची शुगर या क्षणी गेली होती म्हणे.

तेवढ्यात दर्शना मागच्या दाराने आली. हातात ते डोकं, आता केसांसकट, आणि केसांत कर्लर तसेच लावलेले. तिने ते टेबलावर ठेवलं. डॉक्टरांनी केस उतरवले, सेसिलियाच्या पायावरचं कापड हळूच उचलून त्या डोक्यावर ताणलं. कपाळावर कपाळ, नाकावर नाक, अश्रूच्या जागी अश्रू. हॉलमध्ये कोणीतरी मास्कमधून फिसकन हसलं.

डॉक्टर आवाज न चढवता बोलल्या. "ब्लीचने सुती कापडाचा रंग उडतो, हे तुम्ही सगळ्या जणी जाणता. जिथे कापड मोकळं लोंबतं तिथे ते लवकर वाळतं, रंग थोडाच उडतो. जिथे ते नाकाला, कपाळाला, दाढीला चिकटून राहतं तिथे ओल टिकते आणि रंग जास्त उडतो. उंच भाग पांढरे, खोल भाग जांभळे. झाला चेहरा. पार्लरच्या डोक्याचाही होतो आणि संताचाही."

फादरनी काचेतलं कापड स्वतः काढलं आणि सगळ्यांना घेऊन चर्चमध्ये गेले. जोसेफच्या मूर्तीवर त्यांनी ते ताणून धरलं. दाढीवर दाढी बसली, जोडलेल्या हातांवर हात बसले. शिवणारी एक बाई पुढे झाली, मागचे टाके तपासले आणि पुटपुटली, की कापड कमी पडलं नसतं तर चमत्कारही घडला नसता.

ब्रदर बोनी इतक्या सहज हार मानणारा नव्हता. त्याने मोबाइल आपल्याकडे वळवला आणि म्हणाला, "देव ब्लीचमधूनसुद्धा काम करतो."

"करत असेल," फादर वॉरन म्हणाले, "मग इन्सुलिनमधूनही करत असेल. ते बंद करा असं देवाने तुम्हाला कधी सांगितलं?"

ब्रदरचं प्रक्षेपण लगेच बंद झालं. तिकाटणं मिटवून, माइकवर शेवटचा फवारा मारून तो गेला. आमच्या पॅरिशमध्ये पुन्हा आला नाही. त्याचं चॅनेल अजून चालतं असं ऐकतो, हल्ली तो पाठदुखी काढतो.

इथे टाळ्या वाजवून गोष्ट संपली असती तर मलाही बरं वाटलं असतं. पण डॉक्टरांनी सेसिलियाचं बोट टोचून शुगर बघितली, आकडा बघून मला लगेच रिक्षा आणायला सांगितलं. रात्रीच तिला हॉस्पिटलमध्ये भरती केलं. पाय वाचला. अंगठा वाचला नाही. चार दिवस आधी आली असती तर कदाचित तोही वाचला असता, असं सर्जनने सांगितलं.

ऑपरेशननंतर शुद्धीवर आल्यावर ती माझ्याशी बोलेना. मी डबा घेऊन जायचो, ती भिंतीकडे तोंड करायची. एके दिवशी तशीच भिंतीकडे बघत म्हणाली, "तुझं खरं झालं, पास्कू. आता दुमिंगला मी कुठं बघू?"

ब्लीचचं सगळं मला आता पाठ होतं. याचं उत्तर मात्र फादर वॉरननी काढलं. ते तिच्या खाटेशी स्टूल ओढून बसले आणि दुमिंगबद्दल विचारत राहिले. माणूस कसा होता, काय खायचा, कशाने चिडायचा. ती आधी हूं हूं करत होती, मग बोलायला लागली, आणि नर्सने वेळ संपल्याचं सांगेपर्यंत थांबली नाही. निघताना फादर म्हणाले, की तुझ्या नवऱ्याची प्रार्थना राहिली आहे, तू घरी आलीस की करू. मिस्सेत त्यांनी त्यावर प्रवचनही दिलं. दार बंद असताना गेलेल्या माणसांचा निरोप आपण घेतलाच नाही, आणि न घेतलेला निरोप माणूस मग कुठे ना कुठे शोधत बसतो, कापडावरसुद्धा. ते मोबाइलवर असतं आणि मध्येच नेटवर्क गेलं असतं, तर मी रागावलो असतो.

मी देव मानणारा माणूस आहे. दर रविवारी जातो, मेणबत्ती लावतो. म्हणूनच सांगतो. कुठे खूण दिसली, चेहरा दिसला, तर हात जोडायच्या आधी एवढं विचारा, की याआधी इथे काय घडलं होतं? कोणी काय झाकलं, कोणी काय शिंपडलं? विचारल्याने देव लहान होत नाही. आणि जो कोणी तुमचं औषध बाजूला ठेवायला सांगेल, तो कितीही गोड बोलो, त्याचं ऐकू नका. दुःखी माणसाला चमत्कार लागत नाही, त्याच्या ओट्यावर जाऊन बसणारी माणसं लागतात. आम्ही ती उशिरा दिली, त्याची किंमत माझ्या बहिणीने अंगठा देऊन भरली.

ती घरी आल्यावर पहिल्या शनिवारी संध्याकाळी सगळं गावठण तिच्या दारात जमलं. अंतर ठेवून, मास्क लावून, पण जमलं. ओट्यावर दुमिंगचा फोटो, दाढी नसलेला, लग्नातला, हसरा. वाटायला चणे उकडले होते आणि आत जेवण तयार होतं. डॉक्टर हेमांगी आणि दर्शनाही आल्या होत्या, रोझरी येत नव्हती तरी. सेसिलिया पट्टी बांधलेला पाय पाटावर ठेवून बसली होती. फोटोकडे ती बघत राहिली.

फादरनी क्रूसाची खूण करायला हात कपाळाकडे नेला तेव्हा तिने त्यांना हाताने थांबवलं.

"फादर, जरा थांबा. मी सुई टोचून येते, मग सुरू करा."

ती भिंतीला धरून आत गेली, आणि आम्ही सगळे थांबलो.